बगळीचा धूर

सदर बझार, सातारा
१० फेब्रुवारी २०२५

प्रिय लालासाहेब भाऊजी,
सप्रेम नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि तुमच्या सूनबाईला, उमाला, मध्ये उभं करून ओरडून निरोप द्यायचा तर तुमच्या गल्लीतली माणसं धावत येतात. मागच्या वेळी उमाच सांगत होती. म्हणून पत्र. मला त्याचं काही ओझं नाही. पाचगणीला शाळेत असताना रविवारी दुपारी सिस्टर आम्हाला घरी पत्रं लिहायला बसवायच्या. खिडकीबाहेर सिल्व्हर ओकची झाडं हलत असायची आणि आम्ही मुली शाईचे डाग लपवत 'मी मजेत आहे' असं लिहायचो. मजेत कुणीच नसायचं.

तर बगळी आजारी आहे. मामंजींनी तिचं हे नाव ठेवलं तेव्हा मला हसू आलं होतं. पांढरी गाडी, लांब मान काढून अंगणात उभी. आता तिच्या मागून धूरही पांढराच निघतो आहे.

शनिवारी आम्ही फलटणला लग्नाला गेलो होतो. परतताना आदर्कीच्या घाटात इंजिनाच्या तापमानाचा काटा वर चढायला लागला. मी म्हटलं, "अहो, काटा बघा." हे म्हणाले, "घाटात गाडी थांबवत नाहीत, संयोगिता." काटा लाल रेघेवर टेकला तरी हे चालवतच राहिले. मी दोनदा म्हटलं, तीनदा म्हटलं. घाट संपला, सपाट रस्ता लागला, तरी थांबेनात. शेवटी वाठारच्या अलीकडे गाडीच थांबली. बॉनेटमधून अशी वाफ, की रसवंतीवाला चरक सोडून पळत आला. त्यानं गाडी गार होऊ दिली, फडकं धरून झाकण उघडलं आणि पाणी घातलं. अख्खा कॅन रिकामा झाला. हे खाली उतरलेच नाहीत. काचेतून बघत बसले होते.

कशीबशी घरी आलो. तेव्हापासून गाडी चालू केली की पांढऱ्या धुराचा लोट निघतो. इथला मिस्त्री म्हणतो, इंजिन खोलावं लागेल. पण तुमचे अण्णा ऐकत नाहीत. "लालाशिवाय कुणी हात लावायचा नाही," एवढंच म्हणतात. तुम्ही सुट्टीवर आला होता तेव्हा अंगणात ताडपत्री टाकून हेच इंजिन बांधलं होतं, ते त्यांना स्पष्ट आठवतं.

ह्यांची तब्येत उत्तम आहे. थोडं विसरतात, पण वय झालं की सगळेच विसरतात. मी परवा चष्मा फ्रिजमध्ये ठेवला होता.

काय करायचं ते कळवा.

तुमची,
संयोगिता वहिनी


मिरज रोड, सांगली
१५ फेब्रुवारी

सौ. वहिनीसाहेबांस, लालाचा पायावर डोकं ठिवून नमस्कार.

पत्र पोचलं. उमा म्हनली, आणा वाचून दावते. म्या म्हनलं, कान गेल्यात गं बाई, डोळं हायत जागंवर.

पल्टनीत रणगाड्यांच्या वर्कशॉपात उमर गेली, त्यात ह्ये कान गेलं. न्हाईतर सायलेन्सरपशी बसून आवाजावर सांगितलं असतं. आता धुरावरच वळखायचं. तर नीट बघून लिहा.

धूर तीन रंगाचा असतो. काळा म्हंजे पेट्रोल जादा जळतंय. त्याचं भ्या न्हाई. निळा म्हंजे ऑइल जळतंय, इंजिन म्हातारं झालंय. पांढरा सकाळच्या गारठ्यात जरा वेळ निघून थांबला तर ती नुसती वाफ. पन गाडी गरम झाल्यावरबी पांढरा निघतच राहिला तर पाणी आत सिलिंडरात शिरतंय. गाडी हिट झाली की इंजिनाच्या डोक्यावरचं हेड वाकतं, त्याच्या खालचं पाणी अडवनारं गॅसकेट जळतं, आन पाणी नको तिकडं जातं.

तवा एवढं करा. धूर थांबतो का ते बघा. गाडी पुरी गार झाल्यावर रेडिएटरचं झाकण उघडून पाणी किती उतरलंय ते बघा. गरम असताना उघडू नका, तोंड भाजंल. मग इंजिनवरचं ऑइलचं झाकण उघडा आन त्याच्या खालच्या अंगाला काय चिकटलंय ते बघा. शेवटाला ऑइलची पट्टी वढून काढा, पुसा, परत घाला, परत काढा. ऑइल कुठल्या खुणंपतूर हाय ते लिहा.

पाचगणीच्या सिस्टरनी इंग्रजी शिकवलं, बॉनेट उघडाय न्हाई शिकवलं व्हय? हात काळं हुत्याल. राकेलनं निघत्यात.

एक गोष्ट डोक्यातनं जाईना. अण्णा काटा लाल झाल्यावर थांबलं न्हाईत? मला गाडी शिकवली ती त्यांनी. काटा मधल्या खुणंच्या वर सरकला तरी पाठीत धपाटा घालायचे. "गाडी मुकं जनावर हाय, लाला, तिचं बघाय पायजे." त्यो माणूस थांबला न्हाई?

उन्हाची तिरीप डोळ्यावर असंल म्हना.

आपला,
लाला


सातारा
२० फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,
स. न.

हात काळे केले. साडीलाही डाग पडला आणि तो निघणार नाही, पण साडी जुनीच होती.

धूर थांबत नाही. गाडी गरम झाली की उलट वाढतो. भिंतीवरच्या जास्वंदीच्या मागे ढग साठतो. रुमाल धरून बघितला, ओला झाला, काळा नाही. रेडिएटरमधलं पाणी रसवंतीवाल्यानं भरलं होतं त्यापेक्षा थोडंसंच उतरलंय, साधारण दोन पेले. ऑइलच्या झाकणाखाली मात्र घाण आहे. दूध जास्त पडलेल्या कॉफीवर साय यावी तसा पिवळट-तपकिरी फेस. आणि पट्टी मी तुम्ही सांगितलं तशी पुसून परत घालून बघितली. दोन खुणा आहेत, तर ऑइल वरच्या खुणेच्याही बरंच वर आहे. बोटभर तरी. मला वाटलं ऑइल जळून कमी झालं असेल. हे वाढलं कसं? गाडीतलं ऑइल वाढतं का कधी?

हे मी करत असताना तुमचे अण्णा ओट्यावर पेपर घेऊन बसले होते. मध्येच म्हणाले, "कुणाची गाडी आहे ही?" मी म्हटलं, "लाटसाहेबांची." ते हसले, मीही हसले. त्यांची चेष्टा करायची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. लग्न ठरवायला वाईला आले होते तेव्हा माझ्या वडिलांना विचारलं होतं, "मुलगी मराठी बोलते ना?" वडील तीन दिवस घुश्शात होते.

घाटातल्या गोष्टीचं म्हणाल, तर त्या दिवशी ते आधीपासूनच थकलेले होते. जाताना लोणंदचा फाटा चुकलो. पाटबंधारे खात्यात त्यांची सगळी नोकरी त्याच भागात झाली, कोरेगाव, फलटणकडचे पाट त्यांना पाठ. पण आता रस्ते रुंद केलेत, जुनी झाडं तोडलीत. कुणीही चुकेल. मीही चुकले असते.

पाण्याची हयगय मात्र त्यांनी कधी केलेली नाही, हे तुम्हाला शपथेवर सांगते. दर रविवारी अंघोळ झाली की पितळी तपेली घेऊन ते गाडीपाशी जातात, अजूनही. मामंजी बैलांना पाणी दाखवल्याशिवाय स्वतः चहा घेत नसत, तशीच ह्यांची बगळीबाबत सवय. त्या फलटणच्या लग्नाआधीच्या रविवारीसुद्धा घातलं होतं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तपेली नेताना बघितलं. म्हणूनच कळत नाही, घाटात रेडिएटर कोरडा कसा पडला? कुठे फुटला असेल का?

तुमची,
वहिनी


सांगली
४ मार्च

सौ. वहिनीसाहेबांस नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. पत्र आलं त्याच दिवशी वाचलं हुतं. दोनदा लिहाय बसलो, दोनदा कागद फाडला.

गाडीचं आधी सांगतो. गॅसकेट गेलंय, त्याबद्दल शंका न्हाई, धूर त्याचाच. रेडिएटर फुटल्याला न्हाई. फुटला असता तर रसवंतीवाल्याचं पाणी ऱ्हायलं नसतं.

पन ऑइल वाढलं कसं म्हून तुमी इचारलं. ऑइल वाढत न्हाई. त्यात पाणी मिसळलं की पट्टीवर वर दिसतं, आन त्योच झाकणाखालचा फेस. आता हिशोब बघा. रेडिएटरातनं दोन पेलेच उतरल्यात, त्यातलं बी धुरातनं उडालंय. मग ऑइलात एवढं पाणी आलं कुठनं? खालनं आल्यालं न्हाई, वहिनीसाहेब. वरनं गेलंय. आन एका खेपंत न्हाई, बऱ्याच खेपंत गेलंय.

मी हितनं काय बोलत न्हाई. मी चुकत असंन, मी चुकावं अशी देवापाशी मागणी हाय. तुमी येत्या रविवारी अण्णा पाणी घालाय जात्यात तवा खिडकीत थांबू नका. शेजारी जाऊन उभ्या ऱ्हावा. बोलू नका, हात धरू नका. फकस्त ते कुठलं झाकण उघडत्यात तेवढं बघा.

तवर गाडी चालू करू नका. किल्ली तुमच्यापशी ठिवा.

लाला


सातारा
९ मार्च, रविवार

प्रिय भाऊजी,

आज शेजारी उभी राहिले.

त्यांनी अंघोळ केली, पांढरा सदरा घातला, तपेली नळाखाली धरली, भरल्यावर वरून थोडं पाणी सांडून टाकलं, म्हणजे चालताना हिंदकळू नये. बॉनेट उघडलं. दांडी लावली. सदऱ्याच्या बाह्या दोन घड्या घालून वर केल्या. सगळं जसंच्या तसं, भाऊजी. मला वाटलं, तुम्ही चुकलात, आणि मनात तुमच्यावर हसलेसुद्धा. त्यांनी फडक्यानं रेडिएटरचं झाकण पुसलं, चकचकीत केलं. मग हात पुढे गेला आणि त्यांनी इंजिनावरचं ऑइलचं झाकण उघडलं. त्यात तपेली तिरकी केली. बारीक धार धरली. एक थेंब बाहेर पडू दिला नाही. धार धरून तिच्याशी बोलत होते, "पी बाई, ऊन वाढलंय."

तपेली रिकामी झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, "बघितलंस? एक थेंब सांडला नाही."

मी म्हटलं, "नाही सांडला."

बोलू नका म्हणून तुम्ही लिहिलं होतं. तेवढंच बोलले.

आता तुम्हाला 'मी मजेत आहे' असं लिहिण्यात अर्थ नाही. 'कुणाची गाडी' ही चेष्टा नव्हती. लोणंदच्या फाट्यावर ते रस्ता चुकले नव्हते, गाडी उभी करून त्यांनी मला विचारलं होतं, "आपण कुठे निघालोय?" गेल्या पावसाळ्यापासून असं चाललं आहे. ते मला कधी आक्का म्हणतात, तुमच्या थोरल्या बहिणीला म्हणायचे तसं. मी 'ओ' देते. एकदा संध्याकाळी मी देवापुढे दिवा लावत होते, तर हे बाहेरून हाक मारून म्हणाले, "आक्का, संयोगिता वाईहून आली का?" मी म्हटलं, "येईल." त्यावर ते शांत झाले. मग मी दिवा लावला.

पुण्याचे डॉक्टर बघून झाले. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. ते मी तुम्हाला कळवलं नाही, कारण तुम्हाला कळवलं की ते खरं होणार होतं. तुम्ही मात्र सांगलीत बसून धुरावरून सगळं वाचलंत.

किल्ली मी तांदळाच्या डब्यात ठेवली आहे. ते दिवसभर शोधतात. काल म्हणाले, "तू चोर आहेस." जिच्याशी कधी चढ्या आवाजात बोलले नाहीत तिला. पाटणला जायचंय म्हणतात. कुणाकडे, विचारलं तर सांगता येत नाही. भाऊजी, घाटात त्या दिवशी समोरून उसाचा ट्रॅक्टर येत होता. दोन ट्रॉल्या होत्या. मी ते पहिल्या पत्रात लिहिलं नव्हतं.

गाडी ह्यांच्यापासून लांब न्यायला हवी. पण माझ्या हातून होत नाही. मी किल्ली लपवू शकते, त्यांच्या डोळ्यांदेखत गाडी घालवू शकत नाही. त्यांच्याजवळ आता दुसरं काय उरलं आहे?

संयोगिता


सांगली
१५ मार्च

सौ. वहिनीसाहेबांस,

काल धुळवड हुती. पोरं रंग घिऊन आली, म्या दार लावून घेतलं.

तुमचं पत्र उमाला दावलं न्हाई. हितल्या माझ्या वर्कशॉपच्या मागं बसून वाचलं. तुमी लय दिस एकटीनं वढलंय ह्ये. आता वढू नका. ह्याच्यापुढं तुमी माझ्यापास्नं काय लपवायचं न्हाई, मीबी तुमच्यापास्नं लपवायचं न्हाई. कितीबी वंगाळ असू द्या. एवढा शब्द द्या.

मी गुरुवारी पिकअप घिऊन येतो. टोचन करून, दोर लावून वढत आणत न्हाई, हेड आनखी जाईल. वर चढवून आणतो. अण्णांच्या हातातनं किल्ली काढून घेनार न्हाई. मागनार. "धूर काढून देतो" म्हननार. लाला गाडी मागतोय म्हनल्यावर अण्णा न्हाई म्हननार न्हाईत. मला पल्टनीत भरती व्हायचं हुतं, आमचं वडील आबा नको म्हनत हुतं, तवा अण्णांनी सायकलवर डबलशीट कोल्हापूरला नेलं हुतं भरतीला. येताना घरी काय सांगायचं म्हून दोघं वाटंत बसून खोटं रचत हुतो. शेवटी अण्णाच म्हनले, "खरं सांगू या लाला, खोटं मला पाठ व्हत न्हाई."

दिवाळीनंतर त्यांना बघितल्यालं न्हाई. मला वळखत्याल न्हवं? हे इचारायला नको हुतं. पन इचारतो.

किल्ली तेवढी तांदळातनं काढून त्यांच्या खिशात ठिवा. त्यांनीच द्यायला पायजे.

लाला


सांगली
३० मार्च, पाडवा

सौ. वहिनीसाहेबांस आन अण्णांस पाडव्याचा नमस्कार.

आज गुढीसंगं बगळीला बी हार घातला. उमा हसली. म्या म्हनलं, घरची लक्ष्मी हाय, हस तू.

इंजिन खोललं. गॅसकेट दोन नंबरच्या आन तीन नंबरच्या सिलिंडराच्या मधी जळलं हुतं. हेड जरा वाकलं हुतं, लेथवाल्याकडनं घासून सपाट करून आनलं. चीर न्हाई. चीर असती तर खेळ संपला हुता. ऑइल सगळं काढलं, ताकासारखं पडलं. दोनदा धुऊन नवं भरलं. काल चालू केली, रस्त्यावर फिरवून गरम केली. मागं जाऊन बघितलं. धूर न्हाई! पोराला म्हनलं, पांढरा कागद धर. कागद कोराच्या कोरा.

आता मेन गोष्ट. वहिनीसाहेब, गाडी न्यायला आलो त्या गुरुवारपास्नं मी हवंतच हाय. अण्णांनी मला वळखलं! फाटकापशी उभं ऱ्हाऊन, किल्ली माझ्या हातात ठिवून, माझ्या खांद्यावर हात टाकून केवढं बोलले. मला आवाज आला न्हाई, पन मी त्यांच्या ओठाकडं बघत हुतो. 'लाला' म्हनले. एकदा न्हाई, दोनदा म्हनले. माझं नाव मला ओठावर कळतंय, उमर गेली ते ऐकन्यात. मग मला ऱ्हावलं न्हाई, पोरासारखा रडलो पिकअपच्या टपाला टेकून. तुमी दारात तोंडाला पदर लावून उभ्या हुता, तुमीबी रडत हुता.

म्हून माझ्या मनात आलंय. मानूस वळखतंय म्हंजे अजून जागंवर हाय. आपन घाबरून जादाच केलं का? मी ऑइलच्या झाकणाला तार घालून ते बांधून टाकतो, उघडणारच न्हाई. रेडिएटरच्या झाकणाला लाल रंग देतो. गाडी परत आनून देतो. घाटात न्हाई, हायवेला न्हाई. पन सकाळी रस्ता मोकळा असतो तवा तुमच्या कॉलनीतनं एक चक्कर. तुमी शेजारी बसा. त्यांचं मन ऱ्हाईल. पुढच्या आठवड्यात येऊ का घिऊन?

आन ते काय बोलले तेवढं लिहून कळवा. सगळं, शब्दाला शब्द. तुमी शब्द दिलाय, काय लपवायचं न्हाई म्हून.

तुमचा,
लाला


सातारा
१२ एप्रिल

प्रिय भाऊजी,

गाडी आणू नका.

हे एवढंच लिहून पाकीट बंद करावं असं वाटत होतं. तुमचं पत्र आल्यापासून मी ते देवघरात ठेवलं आहे आणि रोज ठरवते, आज उत्तर लिहायचं. तुम्ही तुमच्या आयुष्यात एवढ्या आनंदानं कधी लिहिलं नव्हतं. सैन्यातून सुट्टी मंजूर झाल्याची पत्रंसुद्धा तुमची एवढी मोठी नसायची. तो आनंद तसाच राहू द्यावा, काहीतरी गोड रचून लिहावं, असं फार वाटलं. पण त्या आनंदातून तुम्ही त्यांच्या हातात परत किल्ली द्यायला निघाला आहात. मला तो ट्रॅक्टर अजून समोर दिसतो.

म्हणून लिहिते. तुम्ही फाटकापाशी पिकअप उभी केलीत, खाकी शर्ट घालून उतरलात, तेव्हा ते ओट्यावरून उठून आत आले आणि मला म्हणाले, "मिस्त्री आलाय. चहा टाक." मला वाटलं, तुम्ही जवळ आल्यावर ओळखतील. तुम्ही वाकून पाया पडलात तर ते मागे सरकले आणि म्हणाले, "अहो, असू दे, असू दे." ते तुम्हाला ऐकू आलं नाही.

मग त्यांनी खिशातून किल्ली काढली. तुमच्या खांद्यावर हात ठेवला. शब्दाला शब्द लिहिते. ते म्हणाले, "मिस्त्री, ही गाडी जपून न्या. माझी नाही ही, माझ्या धाकट्या भावाची आहे. लाला. मिल्ट्रीत असतो, जम्मूकडे. सुट्टीवर आला की त्याला हीच गाडी लागते. तोवर मी सांभाळतोय. आता हिच्यातून धूर निघतोय. लाला आला आणि त्यानं बघितलं, तर म्हणेल, अण्णाला एवढी एक गाडी सांभाळता आली नाही."

तुम्ही मान हलवलीत. म्हणालात, "व्हय अण्णा, व्हय."

तुम्ही नाव बरोबर ओळखलंत. ते दोनदाच म्हणाले.

मी दारात त्यासाठी रडत होते, भाऊजी. तुम्ही पिकअपला टेकून रडत होता, आणि ते आत येऊन मला हळूच म्हणाले, "भला माणूस दिसतो मिस्त्री. त्याच्या घरी काही वाईट झालंय का गं? विचारून बघ."

त्या दिवसापासून त्यांनी किल्ली शोधणं सोडलं आहे. मला चोर म्हणत नाहीत. गाडी कुठे गेली असं मनात आलं की स्वतःच म्हणतात, "मिस्त्रीकडे आहे," आणि शांत होतात. फक्त फाटकात कुणी आलं की बघतात आणि विचारतात, लालाची सुट्टी कधी आहे. मी म्हणते, पत्र आलं नाही अजून.

मला क्षमा करा असं लिहीत नाही. तुम्हीच शब्द घेतला होता.

संयोगिता


सांगली
१८ एप्रिल

वहिनीसाहेब,

पत्र वाचलं. चार दिस वर्कशॉप उघडलं न्हाई. उमा इचारती काय झालं. तिला सांगितलं, अण्णांचं पत्र हाय, बरं हायत.

तुमी लिहिलं त्ये बरं केलं. गाडी आनत न्हाई. हितंच ऱ्हाईल.

पन मी येनार हाय. येत्या रविवारी येतो, आन मग जमंल तसा येत जाईन. तुमी 'लाला आलाय' असं काय म्हनू नका. ताप नको त्यांच्या डोक्याला. मिस्त्री आलाय म्हना. खाकी शर्टच घालून येतो. त्यांना सांगीन, काम चालू हाय सायब, एक पार्ट मुंबईसनं यायचाय. दर खेपंला नवा पार्ट सांगीन. बसू दे मला त्यांच्याशेजारी ओट्यावर. चा दिला तर घीन.

त्यांना माझं बोलनं ऐकू जाईल, मला त्यांचं येनार न्हाई. तवा ते काय इचारतील ते तुमी कागदावर लिहून मला दावा.

आन त्यांनी इचारलं, लाला भेटला का, तर मी सांगीन, भेटला. सुट्टीवर आला हुता. गाडी बघितली त्यानं, सगळी फिरून बघितली, चालवून बघितली. म्हनला, धूर न्हाई, खरचटल्यालं न्हाई, अण्णानं लय चांगली सांभाळली.

लाला